रेघेला टेकलेला हात

सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलची टीम निघाली तेव्हा बॉल फेकणारा मी होतो. या खेळात सगळी मदार फेकणाऱ्यावर. बाकीचे पळतात, धडकतात, धुळीत लोळतात, आणि नाव त्याचं होतं. दोन महिने ते नाव माझं होतं. मग अंजनगाव सुर्जीकडून हा आला.

शेतकऱ्याचा पोरगा, ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकलत वाढलेला. पहिल्याच दिवशी त्यानं बॉल मैदानाच्या या टोकावरून पार पलीकडच्या कडुलिंबापर्यंत फेकला. टीमचे सर नुसते बघत राहिले. आठवड्याभरात बॉल फेकायचा त्यानं आणि पकडायचा मी, असं ठरून गेलं. वर हा माझ्याच घरी जेवायला यायचा, कारण होस्टेलचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे. आई त्याला आग्रह करकरून वाढायची आणि मला म्हणायची, बघ, कसा नावं न ठेवता जेवतो. मी काय रोज नावं ठेवत होतो?

सर मूळचे कबड्डीचे, पोरंही बहुतेक तिथलीच. हेल्मेटं कमी होती, म्हणून बाहेर येणाऱ्याचं घामेजलेलं हेल्मेट आत जाणाऱ्याच्या डोक्यावर चढायचं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. माझे वडील वकील आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हणून सरांनी एक पद्धत पाडली होती. रोज प्रॅक्टिस संपली की सगळ्यांनी गोल बसायचं, मी एक नियम वाचायचा आणि आपल्या बोलीत फोडून सांगायचा. टीममध्ये माझी म्हणून तेवढीच एक गोष्ट उरली होती.

एका संध्याकाळी रेघेचा नियम आला. कबड्डीत चढाई करणाऱ्याला चौघांनी दाबून धरलं तरी त्याचं बोट मधल्या रेघेला टेकलं की तो सुटला. इथे तसं नाही. इथे शेवटच्या रेघेपर्यंत बॉल पोचावा लागतो, रिकामा हात कितीही लांबवला तरी काही मिळत नाही. हे ऐकून सगळे हसले, कारण ती चूक प्रत्येकानं एकदा तरी केली होती. तो मात्र त्या दिवशी तुरीच्या सोंगणीसाठी गावी गेला होता. त्याला सांगून दे, असं सर मला म्हणाले. मी हो म्हटलं.

तो परत आल्यावर पहिले दोन दिवस मी खरंच विसरलो. तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये त्याला रेघेजवळ पाडलं, तर त्यानं बॉल पोटाशी धरून दुसरा हात सरळ रेघेवर ठेवला आणि खुशाल हसत उठला. सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाजूचा एक जण म्हणाला, याच्यासारखा हात अख्ख्या वऱ्हाडात नाही. मी तोंड मिटलं. त्यानंतर विसरलो म्हणायची सोय राहिली नाही.

अकोल्याची मॅच जिंकली की नागपूरला राज्याच्या स्पर्धेत जायचं होतं. सकाळच्या एसटीनं गेलो. शेवटच्या मिनिटाला आम्ही थोडक्यात मागे होतो आणि बॉल त्याच्याकडे होता. आम्हा पकडणाऱ्यांना अकोल्याच्या पोरांनी जखडून टाकलं होतं, तेव्हा तो स्वतःच बॉल घेऊन निघाला. दोघांना चुकवलं. तिसऱ्यानं कंबर धरली, चौथ्यानं पाय. रेघेच्या हातभर अलीकडे तो पडला. बॉल डाव्या काखेत, आणि उजवा हात लांबवून रेघेवर. बोटांना लागलेली रेघेची पांढरी फक्की त्यानं आनंदानं आमच्याकडे वर करून दाखवली. पंचानं नाही म्हणून मान हलवली. त्याला कळेना. त्यानं पंचालाही बोटं दाखवली. वेळ संपली.

सरांनी आम्हाला तिथेच उभं केलं. मला विचारलं, "तू याले सांगतलं व्हतं ना?"

"हो सर," मी म्हटलं. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "सांगतलं व्हतं सर. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

सरांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं. त्यानं ऐकून घेतलं. परत येताना तो एसटीत माझ्याच शेजारी बसला. मूर्तिजापूर मागे पडलं. मग मीच हळूच विचारलं, खोटं कशाला बोललास?

"मॅच तं गेलीच व्हती," तो म्हणाला. "तुले खाली पाडून वापस आली असती का?"

मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाज नंतर वाटली. आधी पुन्हा जळलोच, की हेही याला जमतं आणि मला नाही.

सीझनची एक मॅच उरली होती, खामगावला. सरांनी बॉल माझ्या हातात दिला आणि त्याला पकडायला लावलं. मी फेकलेले वेडेवाकडे बॉल त्यानं पडत-झडत पकडले. आम्ही जिंकलो, माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी वडिलांचं दुखणं निघालं म्हणून तो गावी परतला, शेती बघायला लागला.

मी आता त्याच कॉलेजात सरांच्या हाताखाली आहे. नवी पोरं आली की सर दरवर्षी त्यांना गोल बसवतात आणि अकोल्याची गोष्ट सांगतात. सोन्यासारखा हात होता, म्हणतात, पण सांगितलेलं ध्यानात ठेवत नव्हता. पोरं हसतात. मग सर माझ्याकडे वळून विचारतात, तू सांगितलं होतंस ना रे त्याला?

दरवर्षी मी हो म्हणतो.