तीन ते साडेचारचा पाहुणा

दाराला कुलूप लावायला हमखास विसरणारा, पण वायफायला कुलूप घातल्याशिवाय आंघोळीलाही न जाणारा माणूस अख्ख्या गिरगावात एकच राहत असे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ठाकूरद्वारच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दार सकाळी दूधवाला आला की उघडायचं ते रात्री अंथरुणं पडेपर्यंत उघडंच. शेजारची मंडळी थेट आत येऊन फ्रीजमधला बर्फ घेऊन जात, कुणी पोहे भाजायला कढई नेत, आणि मामा वर्तमानपत्रातून डोकंही वर काढत नसत. पण त्याच घरात तुम्ही खिशातून मोबाइल काढून "मामा, जरा पासवर्ड?" असं म्हणालात, की ते वर्तमानपत्राची घडी घालत, तुमच्याकडे नीट बघत आणि विचारत, "काम काय आहे?"

मामांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. रस्त्याखालच्या खड्ड्यात बसून, डोक्यावरून बसगाड्या जात असताना, शेकडो बारीक तारांमधून नेमकी जोडी शोधून ती जोडण्यात त्यांचं तारुण्य गेलं. त्यामुळे बिनतारी वस्तूविषयी त्यांच्या मनात कायमचा संशय होता. "जावईबापू, तार असली की हाताने चाचपून सांगता येतं, कुठे तुटली ते. ह्या हवेतल्या लाइनला काय चाचपणार?" असं म्हणत म्हणत त्यांनी निवृत्तीनंतर घरात राउटर घेतला आणि त्याच्याशी जवळजवळ संसार मांडला.

आधी त्याची जागा ठरेना. स्वयंपाकघरात ठेवला तर मामींचे पितळी डबे मध्ये येत, बाहेर ठेवला तर लोखंडी कपाट. मामा हातात मोबाइल धरून, पावलं मोजत, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत आणि कुठे किती रेघा आल्या ते खडूने भिंतीवर लिहीत. नव्या रंगावरचे ते आकडे पाहून मामी दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीवर फळी ठोकून राउटर तिथे बसवला, तर क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला की अडकायचा. मामांनी आठ दिवस वहीत नोंदी ठेवल्या आणि गुन्हेगार पकडला: मामींचा मायक्रोवेव्ह. त्यात आमटी फिरू लागली की फलंदाज जागच्या जागी थिजायचा. तेव्हापासून त्या घरात षटक संपल्याशिवाय काहीही गरम होत नसे. मी स्वतः तिथे गार उपमा हातात धरून चार चेंडू थांबलेलो आहे.

त्या नोंदवहीत इतरही बऱ्याच गोष्टी होत्या. 'सकाळी ९.१०. लाल दिवा. कारण: कबूतर.' 'दुपारी १.००. वेग मंद. कारण: समजले नाही. यंत्रास विश्रांती दिली.' विश्रांती म्हणजे बटण बंद करून मोठ्याने तीस आकडे मोजायचे. पाहुणे असले तर पाहुण्यांनीही मोजायचे. एकदा मी वीसवर थांबून बटण दाबलं, तर त्यांनी मला पुन्हा एकपासून सुरुवात करायला लावली. "घाई केली की त्याला वाटतं आपण गंमत करतोय," असं त्यांचं म्हणणं होतं.

पण त्यांचा खरा जीव होता तो बंदोबस्तात. पासवर्ड दर संकष्टीला बदलायचा, कारण ती तारीख घरात कुणी विसरत नाही. तो चार अशा शब्दांचा करायचा ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका महिन्यात तो बोंबील, छत्री, पंचांग आणि तेहेतीस असा होता. कंपनीने दिलेलं नाव काढून त्यांनी आपल्या वायफायचं नाव 'गळकी टाकी' ठेवलं होतं. "गळक्या टाकीत कोण हात घालायला जातो?" पाहुण्यांसाठी त्यांनी वेगळी लाइन काढली होती. राउटरच्या मागे एक बटण होतं, जे दाबलं की पासवर्डशिवाय कुणीही आत येऊ शकतं असं त्यांना कळलं. त्यांनी आधी ते सेटिंगमधून बंद केलं, आणि तरी मनाचं समाधान होईना म्हणून त्यावर जखमेची पट्टी चिकटवली. वर्षातून दोनदा ते हातात वही घेऊन पोलिओ डोसवाल्यांसारखे घरोघरी जात आणि विचारत, "तुमच्या यंत्राचा मूळ पासवर्ड बदललात का? नाही? अहो, तो सगळ्या जगाला ठाऊक असतो!" लोक हसत, पण दुरुस्तीला मामांनाच बोलावत.

रोज संध्याकाळी सहाला ते आपल्या लाइनवर कोण कोण आहे याची हजेरी घेत. मोबाइलवर यादी यायची: त्यांचा फोन, मामींचा फोन, टीव्ही. तीन नावं, संपलं. मग ते समाधानाने गॅलरीत बुद्धिबळाचा पट मांडत आणि वरच्या मजल्यावरून डॉमनिक अंकल येत. डॉमनिक अंकल मूळचे इथलेच, ख्रिस्ती. आयुष्यभर बोटीवर स्वयंपाकी होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी आयर्लंडला नर्स. ते मामांना 'टेलिफोन' म्हणत. हे दोघे चाळीस वर्षं रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत, आणि दोघांनाही ते येत नसे. घोडा गेला की भांडत, वजीर गेला की चहा मागत. मामी चहा आणून ठेवत, पटाकडे एक नजर टाकत आणि आत जात.

एके दिवशी दुपारची झोप लागेना म्हणून मामांनी तेव्हाच हजेरी घेतली, तर चौथं नाव निघालं.

नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे. मामांनी राउटरमधल्या मागच्या नोंदी पाहिल्या तर हा पाहुणा रोज दुपारी तीनला यायचा आणि साडेचारला जायचा. त्यांनी ताबडतोब पासवर्ड बदलला, संकष्टीची वाटही पाहिली नाही. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी तीनला पाहुणा हजर. मामांचं जेवण कमी झालं. त्यांनी वहीत अख्ख्या इमारतीचा नकाशा काढला. लाइनचा जोर बघता चोर जवळचाच, दुपारी सगळी इमारत झोपते तेव्हा जागा असणारा, आणि घरात येऊनजाऊन असल्यामुळे पासवर्ड कानावर पडू शकेल असा. ह्या सगळ्यात बसणारा माणूस एकच होता.

गच्चीवर दोघेच असताना मामांनी विचारलं, "डॉमनिक, खरं सांग. दुपारी माझ्या लाइनवर तू बसतोस?"

डॉमनिक अंकलनी मामांकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं तुझ्या घरी चहा पितो, टेलिफोन. तो पण चोरून पितो काय, ते पण लिही तुझ्या वहीत." आणि जिना उतरून गेले. त्या संध्याकाळी ते आले नाहीत, दुसऱ्याही नाही. मामींनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आहे तो." लग्न खरंच जवळ आलं होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

आठ-दहा दिवसांनी एका सुट्टीच्या दुपारी मामांनी मला दादरहून बोलावून घेतलं. "साक्षीदार हवा," एवढंच फोनवर म्हणाले. बरोबर तीनला पाहुणा यादीत उगवला. मामांनी मला बोट ओठांवर ठेवायला सांगितलं, वीस मिनिटं त्याला सावकाश बसू दिलं, आणि मग एकदम बंद करायचं बटण दाबलं.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "अहो! माझं बंद पडलं हो!"

आम्ही आत गेलो. मामी पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात उलट्या परातीवर एक जुना टॅब टेकवलेला. तो माझ्याच घरचा होता. माझ्या बायकोने नवा घेतल्यावर मामींना दिलेला, आणि मला पत्ता नव्हता. टॅबवर बुद्धिबळाचा पट थिजलेला दिसत होता.

"कुणीतरी परदेशातल्या बाई आहेत," मामी कळवळून म्हणाल्या. "अजून दोन खेळीत त्यांचा वजीर घेत होते मी!"

मामा चौकटीला टेकले. "तुला बुद्धिबळ कुठून येतं?"

"तुमचे दोघांचे डाव बघून. काय करायचं नाही ते सगळं कळलं. उरलेलं डॉमनिकनी शिकवलं."

"आणि पासवर्ड?"

"तुम्ही नवा ठरवताना मोठ्याने बोलता की! छत्री घेऊ की कंदील, कंदील घेऊ की छत्री."

मी हसू दाबत होतो, पण मामांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू आपोआप गेलं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे डॉमनिकला हे माहीत होतं?"

"त्यांनीच तर खेळ घालून दिला ह्याच्यात. मी शपथ घातली होती, ह्यांना सांगू नका म्हणून. तुम्ही माझ्याशी खेळायला बसाल, हराल, आणि जेवणार नाही." मग मामींनी मामांकडे निरखून पाहिलं. "का हो? काय झालं? तुम्ही त्यांना काही बोललात?"

मामांनी सांगितलं. मामींनी टॅब बंद केला, परात उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "जा वर. आत्ता."

मामा गेले नाहीत. जिना वीस पायऱ्यांचा होता, पण त्यांना तो चढवेना. रोज ते गॅलरीत पट मांडत, तासभर एकटे बसत आणि सोंगट्या भरून ठेवत. मामी एकदा वर जाऊन आल्या आणि इतकंच म्हणाल्या, "त्यांचा राग नाही तुमच्यावर. ते वाट बघतायत." त्याने मामा आणखीच खचले. रागावलेल्या माणसाची समजूत कशी काढायची हे त्यांना ठाऊक होतं. न रागावलेल्या माणसापुढे काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.

लग्नाचा दिवस शनिवारचा होता. डॉमनिक अंकलचे व्हिसाचे कागद वेळेत झाले नाहीत, त्यामुळे मुलीचं लग्न ते घरी टीव्हीवर बघणार होते. तिथले दुपारचे बारा, आपले साडेपाच. मी काही कामाने गिरगावात आलो होतो म्हणून मामांकडे डोकावलो. पाच वाजले होते. मामा मोबाइलवर आसपासच्या वायफायची नावं बघत होते. एकदम उभे राहिले.

"डॉमनिकच्या लाइनला नेट नाही," ते म्हणाले. मी विचारलं, कसं कळलं? ते म्हणाले, "त्याचं नाव दर मिनिटाला जातंय आणि येतंय. तो यंत्र बंद-चालू करत बसलाय." आणि ज्या जिन्यासमोर दोन-तीन आठवडे त्यांचे पाय अडले होते, तो ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढले.

डॉमनिक अंकल कोट घालून, टाय बांधून, राउटरसमोर गुडघ्यावर बसले होते. मामांनी त्यांना बाजूला सारलं, दिवे पाहिले, तारा चाचपल्या, खिडकीतून खाली पाहिलं. नाक्यावर रस्ता खोदला होता. "तुझ्या कंपनीची तार तुटली. आज काही येत नाही." मोबाइलच्या नेटवर चित्र दर दोन मिनिटांनी गोठत होतं. अंकल म्हणाले, "सोड रे. फोटो पाठवील ती नंतर." ते त्यांनी अशा आवाजात म्हटलं की मामा तडक खाली धावले.

माळ्यावर खात्याच्या काळातलं तारेचं एक भेंडोळं होतं. आपला राउटर वर न्यायचा म्हणून मामांच्या बोटांनी सात-आठ मिनिटांत जोड मारले. त्या वयात ती बोटं जी काय चालली, तशी मी कुणाची पाहिली नाहीत. पण तार गॅलरीपर्यंत पोचली आणि संपली. मधल्या लोखंडी तुळयांतून लाइन वर जाईना. राउटर गॅलरीच्या कठड्याबाहेर, उंच धरला तरच वरच्या टीव्हीला रेघा मिळत. मामा स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी राउटर डोक्यावर धरला आणि मला म्हणाले, "वर जा, माझा पासवर्ड घाल त्याच्या टीव्हीला. पाहुण्यांचा नको, घरचा." मला ते प्रथमच अरे-तुरे करत होते.

साडेपाचला चर्च दिसलं. डॉमनिक अंकल उभ्यानेच बघत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी, मुलीने अंगठी घातल्यावर, ते एकदम गॅलरीत आले आणि खाली ओरडले, "ए टेलिफोन! वर ये, केक कापतील आता!"

"आलो तर लाइन जाईल!" खालून आवाज आला.

अंकल क्षणभर टीव्हीकडे बघत राहिले. मग त्यांनी मला मोबाइलमध्येही तोच पासवर्ड घालायला लावला, मुलीला व्हिडिओ कॉल जोडला, दुखऱ्या गुडघ्याने कठडा धरत धरत माझ्यासोबत जिना उतरले आणि स्टुलाशेजारी उभे राहिले. तिथे, राउटरच्या अगदी खाली, चित्र स्वच्छ येत होतं. पलीकडून मुलीने ओळखलं आणि किंचाळली, "टेलिफोन अंकल!" डॉमनिक अंकल म्हणाले, "अरे, हात हलव तिला!" मामांचे दोन्ही हात वर गुंतलेले. त्यांनी राउटरच हलवला. चित्र गेलं. दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या, चित्र परत आलं, आणि मामी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत हसत होत्या. माफीचा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही, नंतरही नाही.

आता ती इमारत नाही. नवी बांधायला घेतली आहे, लोक कुठेकुठे विखुरले. डॉमनिक अंकल मुलीकडे गेले. मामा-मामी शीवला एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतात. तिथे दारं बंद असतात आणि नेट बिघडलं तर लोक कंपनीला फोन करतात. मामांनी पहिल्या महिन्यात दोन-चार घंट्या वाजवून पाहिल्या, मग सोडून दिलं.

म्हणून मी आठवड्यातून एकदा फोन करतो आणि म्हणतो, "मामा, आमचं नेट गेलंय." माझं नेट उत्तम चालू असतं. बहुधा त्यांनाही ते कळतं, कारण तक्रार संपल्यावर आम्ही अर्धा तास तरी इतर गोष्टी बोलत असतो. पण सुरुवात नेहमी तीच होते. ते गंभीर आवाजात विचारतात, "दिवा कुठला लागलाय?"

मी म्हणतो, "लाल."

"थांब," ते म्हणतात, "वही घेतो. चष्मा लावतो."