खरखर गिटारची, बोंब माझ्या नावाची!

आमच्या ऑर्केस्ट्रातले दोघं-तिघं कुठेही भेटले की चहाच्या आधी किस्से येतात. एकाचा संपत नाही तोच दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाई, नाचणगावचं आठवते का?" आणि यातले अर्धेअधिक किस्से माझ्या गिटारवरचे! तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी पुलगावला शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. गिटार सेकंडहँड, नागपूरहून आणलेली. प्लग लावला की सूर निघायच्या आधी घूंऽऽ! मग खरखर! लोक म्हणायचे, "बाईच्या हातात गिटार देली का असंच होते." वाः रे वा! हीच गिटार माझ्या आधी एका बाप्याकडे होती, तेव्हाही ती अशीच बोंबलायची. पण तेव्हा म्हणे करंट खराब होता!

वसंताभाऊ आमचे मॅनेजर. दिवसा तहसिलीत कारकून, संध्याकाळी अकॉर्डियन. त्यांचं एकच पालुपद, "कुंदे, तू गाणं म्हण न! बाई गाते तं शोभते." मला शोभायचं नव्हतं. मला वाजवायचं होतं.

*

एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. तारांवर हात ठेवला की घूं बंद, हात काढला की सुरू. म्हणून दोन गाण्यांच्या मध्येही मी तारांवर पंजा दाबून उभी राहायची.

नाचणगावला गणपतीचा कार्यक्रम. सरपंच हार घेऊन स्टेजवर आले. मी आपली शिकवण पाळली, दोन्ही हात जोडले. घूंऽऽऽ! सरपंच हारासकट मागे सरकले.

"मले पाहून गुरगुरून राह्यली का हे?"

तेव्हापासून माझा एक हात तारांवर आणि दुसऱ्या हाताने नमस्कार. "मास्तरीणबाई लय माजली," असं गावोगाव झालं. झालं तर झालं! गिटार तर गप्प होती ना!

*

नागपूरच्या एका गिटारवाल्याने उपाय सांगितला. गिटार खोलायची, आतल्या पोकळीला चंदेरी कागद लावायचा आणि त्याला एक वायर जोडायची, म्हणजे बाहेरच्या विजेचा त्रास आत शिरत नाही.

चंदेरी कागद कुठून आणायचा? आमचा ड्रमवाला दामू म्हणाला, "ताई, फिकर नॉट! सिगरेटच्या पाकिटात असते न!" आणि गडी कामाला लागला. एरवी विडी ओढणारा माणूस, गिटारसाठी सिगरेटवर सिगरेट! शेवटी त्याची बायको माझ्या दारात उभी.

"ताई, गिटार तुमची, अन् खोकला याईले काऊन?"

एवढं करून तो कागद कुचकामाचा निघाला. चंदेरी फक्त वरून, खाली साधा कागद, त्यामुळे तुकडे एकमेकांशी जुळेचनात. मग किराणावाल्याकडून चहाच्या खोक्यातला अस्तराचा पत्रा मागून आणला. पातळ, मोठा, एकसंध. तो लावला आणि घूं एकदम मरगळली! गिटारला मात्र कितीतरी दिवस चहापत्तीचा वास येत होता. वसंताभाऊ जवळून गेले की नाक वर करून विचारायचे, "उकळला का?"

*

तरी थोडी खरखर उरलीच होती. त्याचाही छडा लावला. ॲम्प्लिफायरकडे तोंड केलं की जास्त, जरा वळलं की कमी. म्हणून कार्यक्रमाच्या आधी मी गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी गोल फिरायची आणि शांत दिशा सापडली की तिथेच पाय रोवायची.

हिंगणघाटला एका लग्नात, भर दुपारी, शांत दिशा सापडली ती नवरानवरीकडे पाठ आणि आचाऱ्यांच्या कढयांकडे तोंड! मी म्हटलं, हरकत नाही. वाजवायला लागले. मागून बायकांची कुजबुज, "लाजून राह्यली वो बिचारी, पाठ करून उभी हाये."

लाजते? मी? माईक ओढला आणि सांगितलं, "लाजत नाई वो काकू! इकडे तोंड केलं का खरखर कमी येते!"

समोरून आचारी झारा उंचावून म्हणाला, "वाजवा बाई, वाजवा! आमच्याकडे पाहून आजपर्यंत कोणीच नाई वाजवलं!"

*

अल्लीपूरच्या साखरपुड्यात वसंताभाऊंनी मला स्टेजच्या पार मागच्या कोपऱ्यात उभं केलं. कारण? "समोर गाणारे पाह्यजे." आता तिथून ॲम्प्लिफायरपर्यंत वायर लांबच लांब. संध्याकाळची वेळ, गाणं हळुवार, मुलगा-मुलगी एकमेकांना चोरून बघतायत, आणि माझ्या गिटारमधून भारदस्त आवाज आला, "शेतकरी बंधूंनो, तुरीवरील अळीसाठी…"

रेडिओ! त्या लांब वायरने रेडिओ पकडला होता! मी घाबरून वायर झटकली, आवाज गेला. तेवढ्यात मुलाचे मामा उठले.

"बाई, ते तार जशी होती तशी ठेवा! औषधाचं नाव राह्यलं न!"

दुसऱ्या दिवशी मी वायर अर्धी कापून टाकली. "आता मागे उभं राहाले पुरतच नाई, भाऊ," म्हटलं, आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

*

वसंताभाऊंना हे झोंबलं. म्हणाले, "कुंदे, आता आष्टीचा कार्यक्रम हाये. तिथं गिटारनं तोंड उघडलं तं गिटार पेटीत. मग गाणं म्हणजो, नाई तं घरी बसजो." बोलून मोकळे! घरी तर सगळे त्याचीच वाट बघत होते.

आष्टीला पोचलो, तर मंडळाच्या अध्यक्षांचं नाव स्टेजच्या माथ्यावर, लाल-हिरव्या बल्बांत, एकेक अक्षर उघडझाप करणारं. प्लग लावला. गिटार म्हणते, टक्! टक्! टक्! बल्बांशी ताल धरून! नाव पेटवणाऱ्या फिरत्या मोटरच्या ठिणग्या सरळ माझ्या स्पीकरमध्ये.

मी अध्यक्षांकडे गेले. "दादासाहेब, आमच्या कार्यक्रमापुरते हे बल्ब बंद करता का?"

"माह्या मंडळात माह्यंच नाव बंद?"

वसंताभाऊ घाम पुसत म्हणाले, "नाई, नाई साहेब, राहू द्या! कुंदे, ठेव ते गिटार. माईक घे."

घेतला. माईकच घेतला! म्हटलं, "मंडळी, वर हे नाव लागून राह्यलं तोवर गिटार टकटक करीन. एक तं नाव, नाई तं गिटार. मी गाणं म्हणणार नाई. बोला!"

अध्यक्ष समोर बसलेले. गिटार मी गळ्यातून काढली नाही.

बायकांच्या पहिल्या रांगेतून अध्यक्षीणबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, चालत विजेच्या बोर्डापाशी गेल्या आणि त्या बल्बांचा खटका बंद केला. नाव विझलं. गिटार गप्प झाली.

मग त्या वळून मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून हे नाव मी तोंडानं घेतलं नाई, माह्यं काई अडलं नाई. तू वाजव, माय!"