डोहाला मशीन लावायच्या आधी मंठ्याकडचा डोह बघून या

आमची नदी चार महिने वाहती आन आठ महिने वाहत न्हाई. हे ऐकून ज्याला हसू येतं त्यानं पुढं वाचू नये. गावात साहेब आल्ते, ते हसले. "ही कसली नदी, हा तर नाला," म्हणले, आन आमच्या डोहाभवती चुन्याची रेघ मारून गेले. रेघेच्या आत मशीन चालणार, डोह खोल होणार. नदी जिवंत करायची योजना हाय म्हणे. मेली कधी होती, ते कोणी सांगितलं न्हाई.

जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून आमचं गाव जवळच. दिवाळीनंतर नदीची धार तुटती, पण गावाखालचा डोह टिकतो. धुळवडीला आमच्या घरची मोठी बाई डोहाकाठी बाभळीची फांदी रोवती. फांदी लागली की जाळं बंद, मोटार बंद, म्हशी धुणं बंद. जनावरानं तोंडानं प्यायचं, बाईनं घागरीनं न्यायचं, बस. डोहात जे मासे उरतेत, पावसाळ्यात त्यांच्यापासूनच सगळी नदी परत भरती. आमची मेंढरंबी त्याच पाण्यावर मिरगापर्यंत निघतेत.

ती फांदी रोवणारी बाई म्हंजे माझी सरूआत्या, ती माहेरीच राहती. साहेब गेले आन तिचं न् आबाचं जुंपलं. आबा म्हंजे माझा बाप. गावच्या कमिटीत हाय.

"मंठ्याकडं झालंय हे काम. पेपरात फोटो आल्ता," आबा म्हणला.

"पेपर पितेत का तुझी मेंढरं?"

"जा मंग, बघून ये! तुझ्या नणंदेचंच गाव हाय ते. आन आल्यावर ग्रामसभेत सांग काय ते."

आत्याला पाट्या वाचता येत न्हाईत, म्हणून मी संगं. मी आठवीतून शाळा सोडली, पुढची शाळा लांब होती. चार माणसात बोलायचं म्हणलं की माझा गळा बंद होतो. लिहिताना होत न्हाई. जालन्यात मस्तगडला मामेभावाचं कॉम्प्युटरचं दुकान हाय, तिथं बसून हे लिहून राह्यले.

तुम्हाला जायचं असलं तर जालन्याची पहिली एस्टी धरा. दुसरीत पाय ठेवायला जागा नसती. जालना स्टँडवरचे भजे गरम असतेत, चहा मात्र नुसता साखरेचा पाक. तिथून मंठ्याची गाडी. रस्ता वाटूर फाट्यापर्यंत बरा हाय. फाट्याला गाडी थांबती, तेवढ्यात आम्ही भाकर आन लसणाची चटणी खाल्ली.

वाटेत एका पुलावर शेजारचा माणूस खाली बघून हसला. "येवढा मोठा पूल! खाली पाणी तर न्हाई. फुकटचा खर्चा."

आत्या म्हणली, "दादा, तुमच्या घरी रोज पाहुणे येतेत का?"

"न्हाई."

"मंग दार कशाला ठेवलं?"

आख्खी गाडी हसली. तो माणूस फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मी नेहमी अशीच बसती, म्हणून मला त्याची जरा दया आली. पण जराच.

मंठ्याहून काळीपिवळी जीप. माणसं भरल्याशिवाय हालत न्हाई, म्हणून जल्दी असली तर जाऊच नका. गावात शिरतानीच मोठा बोर्ड. मी आत्याला वाचून दाखवला, 'नदी पुनरुज्जीवन झालेले आदर्श गाव.' खाली फोटो. काठोकाठ भरलेला डोह, त्यात नारळ सोडणारी माणसं.

तिथं विलास नावाचा पोरगा भेटला. गाव बघायला कोणी आलं की दाखवायचं काम त्याचं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन.

"आधी डोह पुरुषभर होता मावशी, आता तिप्पट खोल."

"फोटो कधीचा रे?" आत्यानं विचारलं.

"उद्घाटनाचा. भादव्यातला."

"भादव्यात आमच्या दारातलं डबकंबी असंच दिसतं. आजचं दाखव."

तो चपापला. म्हणला, ऊन लई झालंय, सकाळी जाऊ. आत्या थांबती व्हय! ती पुढं, मी मागं, विलास माझ्याबी मागं.

डोहाच्या जागी मोठा चौकोनी खड्डा होता. कडा सुरीनं कापल्यावाणी सरळ. तळाला पांढरा मुरूम, त्यावर शिंपले आन एक लहान लेकराची चप्पल. पाणी न्हाई. चिखलबी न्हाई. आजून होळी व्हायची होती!

माझी कानशिलं तापली. त्या पोराला धरून खड्ड्यात ढकलावं वाटलं. पण मी आत्यामागं गावाकडं वळले.

आत्याच्या नणंदेनं, गंगूबाईनं, आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. ते टँकरचं होतं. चुलीपुढं बसल्यावर तिनं सगळं सांगितलं.

"मशीन आलं तवा गावानं मोटारी लावून डोह उपसला. मासे पाट्या भरभरून वाटले. डायव्हर परमुलखातला, पण तो म्हणला, चिकण माती सरली, मुरूम लागून राह्यला, बस करा. आम्हीच म्हणलो, आजून एक हात, भाऊ, आजून एक हात. त्याला बोकड कापून जेवायला घातलं. पुरणाचं बी केलं. मंग तो कशाला थांबतो? पावसाळ्यात भरला, फोटो काढले. दिवाळीच्या आत सगळं पाणी मुरमात गेलं."

"मंग लोकायला सांगत का न्हाईत?" आत्या ओरडली.

"बक्षिसाची कमिटी यायचीय. पाहुण्यासमोर गप ऱ्हा म्हणलेत. तू तर घरची."

मला सगळ्यात जास्त राग त्या गप राहण्याचा आला. एक गाव गप राह्यलं की दुसऱ्या गावाला मशीन येतं. आन माझ्यावाणी गप राहणारी तिथं आख्खी वस्ती होती.

रात्री मुक्काम केला, सकाळी परत निघालो. येताना कोणत्याच पुलावर आत्या बोलली न्हाई.

ग्रामसभेला साहेब नकाशा घेऊन आल्ते. आत्या उभी राह्यली आन तिनं खड्डा, मुरूम, बोकड सगळं सांगितलं. मागून कोणीतरी म्हणलं, "सरूबाईला भांडायला पंचायत पुरत न्हाई." माणसं हसली. साहेब बी हसले.

"तिथं काही तांत्रिक अडचण असेल," साहेब म्हणले. "आणि बाई, ज्या नदीत आठ महिने पाणीच नसतं, तिच्यात वाचवायचं तरी काय?"

आबानं आत्याकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं.

"तू बघितलं का गं डोळ्यानं?"

सगळी मुंडकी माझ्याकडं.

"हो."

"किती पाणी हाय?"

"न्हाई."

"थोडंफार?"

"बिलकुल न्हाई, आबा. शिंपले हायेत नुसते."

कोणी हसलं न्हाई. आबा खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राह्यला. मंग म्हणला, "साहेब, डोह सोडून काय करायचं ते करा."

"मग काम अपूर्ण धरलं जाईल."

"धरा."

मशीन आलं. डोहाच्या वर आन खाली नदी कापून सरळ केली. तिथली वाळू गेली, काठची करंजं गेली. ते मला वाचवता आलं न्हाई, आन त्याचा राग आजूनबी उतरला न्हाई. वेशीवर बोर्ड लागला. त्यावर आमच्या गावापुढं लिहिलंय, 'काम अपूर्ण.' टेंभुर्णीच्या बाजारात लोक आबाला चिडवतेत, "या, अपुऱ्या गावचे!" आबा म्हणतो, "आलो," आन सौदा घेतो.

धुळवडीच्या सकाळी आत्यानं बाभळीची फांदी माझ्या हातात दिली. "आवंदा तू रोव." काठावर गेलो तर चुन्याची रेघ नवी. कोणीतरी परत मारून गेल्तं. डोहात पाणी होतं, आन कडेला बोटाएवढे मासे उन्हाला येऊन थांबलेले.

मी फांदी रेघेच्या आत रोवली. मंग डोहाला फेरी मारत पायानं सगळी रेघ पुसली. ते परत मारतील. मी परत पुसीन.