चौतीस नंबरचा पाइप

नियोजन विभागात सगळे त्यांना गणितकाका म्हणत. शहरात गॅसचे पाइप कुठून न्यायचे, किती जाडीचे टाकायचे, याचं गणित मांडायचं आणि कमीत कमी पाइपांत भागेल असा नकाशा संगणकाकडून काढून घ्यायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. निवृत्तीला चार महिने उरले होते. गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

जुनं जाळं बदलायच्या या नकाशात त्यांनी सव्वाचार किलोमीटर पाइप वाचवला. साहेबांनी पाठ थोपटली, नकाशा मंजुरीला वर गेला. त्याच दुपारी जुना फिटर टेबलाशी येऊन प्रत न्याहाळू लागला. त्याला सगळे 'पाना' म्हणत.

"काका, चौतीस नंबर कुठं गेला?"

"काढला. वर्षभराचे आकडे घातले. त्यातून गॅस वाहतच नाही."

"कसा वाहील? दोन्ही टोकांना दाब सारखाच. पण तीन वर्षांमागे टेकडीकडचा मोठा पाइप खोदकामात फुटला, तेव्हा इस्पितळ पाच दिवस कशावर चाललं? तुमच्या गणितावर?"

काकांनी प्रत स्वतःकडे ओढली. एकेक पाइप तुटला असं धरून गणित पुन्हा पुन्हा सोडवायचं असतं. त्याला दोन दिवस लागतात. या वेळी त्यांनी कंटाळा केला होता.

घरी बायको म्हणाली, "अहो, चार महिने गप्प बसा. मग तुम्ही कुठे आणि तो पाइप कुठे!"

"पाइप कुठेच नसेल. तेच तर."

सकाळी ते साहेबांपुढे उभे राहिले.

"नकाशा परत मागवायचा? वर काय सांगू मी?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा."

"अहो, निरोपाच्या भाषणात मी याच नकाशाचं कौतुक करणार होतो."

"भाषण आटोपतं घ्या, साहेब. मला फार वेळ उभं राहवत नाही."

साहेबांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांनी नकाशा मागे घेण्याचा अर्ज पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात काकांनी 'नियोजकाची चूक' असं लिहिलं, सही केली आणि जागेवर जाऊन वगळलेली अट घालून गणित पहिल्यापासून लावलं.

दोन दिवस लागणार होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.