लेथच्या बेडवरच्या चंद्रकोरी

मागच्या महिन्यात एका दुपारी जैनथच्या आमच्या वर्कशॉपचं शटर उघडलं... उन्हाळ्यापासून बंद होतं. माझे मिस्टर टर्नरचं काम करायचे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाचे सुटे भाग घडवायचे. त्यांना लकव्याचा झटका आला, उजवा हात गेला, आणि त्यानंतर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही. लेथ विकून टाक म्हणाले. दुसऱ्या दिवशी आदिलाबादचा एक जण ती बघायला येणार होता.

मदतीला मुधोळहून माझी मोठी नणंद, शोभाताई, आली होती. आम्ही दोघींनी मशीनवरचं प्लास्टिक ओढलं. जपायचं म्हणून घट्ट बांधलेलं, पण आत पावसाळ्याची ओल कोंडून बेड लालभडक गंजला होता. बेड म्हणजे लेथचा तो लांब गुळगुळीत भाग, ज्यावर सगळी हत्यारं पुढे-मागे सरकतात.

डिझेल ओतलं, भांड्यांचा स्क्रबर घेतला आणि घासायला लागलो. गंज वरवरचाच होता. तांबडे ओघळ यायचे, खालून राखाडी लोखंड उजळायचं... बाहेरून कापसाच्या गाड्या जात होत्या, उन्हात तरंगत तंतू आत यायचे. दुपार कशी सरली कळलंच नाही.

मग बेडवर बारीक चंद्रकोरी दिसू लागल्या, माशाच्या खवल्यांसारख्या ओळीनं. मला वाटलं, गंजानं खाल्लंय. मी जाड पॉलिश पेपर उचलला.

"तेवढं नको काढू."

वळून बघते तर दारात मिस्टर. घरी बसवेना म्हणून ऑटोनं आले होते. काठी टेकत जवळ आले.

"त्या खुना गंजाच्या नाई. बनवणाऱ्यानं हातानं कोरेल हायेत. त्यात तेल थांबते."

शोभाताईनं स्टूल दिलं. बसून त्यांनी सांगितलं, प्लास्टिक पुन्हा नको... तेलाचा पातळ हात फिरवायचा, वरून सुती चादर टाकायची, हवा खेळती ठेवायची. मग फडकं मागितलं आणि डाव्या हातानं तेल लावत राहिले, टोकापर्यंत, सावकाश.

नंतर त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून बेडवर ठेवला. बोटं थंड लोखंडावर पसरली... आणि जराशी पुढे सरकली. तेलामुळं की त्यांच्यामुळं, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

मग म्हणाले, "त्या मानसाले फोन कर. सध्या येऊ नको म्हना."

मी केला. तो जरा नाराज झाला, पण आला नाही.

मशीन अजून बंदच आहे. पुन्हा कधी चालेल, चालेल की नाही, खरंच माहीत नाही. पण आता जेवण झालं की मिस्टर स्वतःच म्हणतात, चल, तेल लावून येऊ... आणि आम्ही दोघं त्यांच्या चालीनं, रमत-गमत निघतो. इतकी वर्षं संसार झाला, दुपारी असं सोबत चालणं आत्ता कुठे मिळालंय.