न दिसणारी बटणं

खोटे दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे छटाताई म्हणत. दातांचा पांढरा रंग काही एकच नसतो. चहाबाजाचा दात वेगळा, विडी ओढणाऱ्याचा वेगळा, आणि ‘मी तर काहीच खात-पीत नाही हो’ अशी डॉक्टरला थाप मारणाऱ्याचा तर फारच वेगळा. शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळणारी छटा काढण्यात छटाताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिच्या कामाची कसोटी एकच, बसवलेला दात कुणाला ओळखू येता कामा नये. तक्रार आली नाही की समजायचं, काम फक्कड झालं. अशी तक्रार न येण्यातच तिची कितीतरी वर्षं गेली होती.

तिला ते काम आवडायचं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटतं, नोकरीला कंटाळलेलं माणूसच असले उद्योग मागे लावून घेतं. छटाताई मुळीच कंटाळली नव्हती. तिला फक्त एखादी वस्तू आपल्या मनानं करायची होती, डॉक्टरच्या चिठ्ठीबरहुकूम नव्हे. मालकांनी चिनी माती भाजायची एक जुनी भट्टी भंगारात काढली, तेव्हा तिनं ती मागून घेतली. "ने बाई, माझी अडगळ गेली," मालक म्हणाले. भट्टी घरच्या मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी जाऊन बसली. तिचं पोट जेमतेम तळहाताएवढं. त्यात मावणार काय? बटणं. म्हणून बटणं.

घर जागं व्हायच्या आत ती गॅलरीत बसायची. चिनी मातीची पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशनं थर चढवायचे, कागदानं पाणी टिपायचं आणि भट्टीत घालायचं. भाजताना माती आक्रसते, हे तिला ठाऊकच होतं. त्या हिशेबानं तिनं बटणं मोठी केली, पण भोकं मोठी करायची राहिली. पहिल्या खेपेला एकाही भोकातून सुई जाईना. नवऱ्यानं ती बटणं कॅरमच्या सोंगट्या म्हणून वापरून पाहिली. पण पुढे हात बसला. बहिणीनं घेतली, बहिणीच्या जावेनं घेतली, आणि मग गोष्ट टेलरमास्तरांपर्यंत गेली.

मास्तरांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. माणूस तिरसट, पण कोट शिवावा तर त्यांनीच. त्यांनी करड्या कापडाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. "या कोटाला बटणं कर. जमली, तर पुढच्या सगळ्या कोटांना तुझीच लावीन."

छटाताई तरंगतच घरी आली. आणि नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी बोलावलं. "पुढच्या महिन्यापासून सकाळची पाळी तू सांभाळ. प्रमुख म्हणून. शनिवारी सांग."

बढती होती, मान होता. पण सकाळची पाळी म्हणजे उजाडायच्या आत घर सोडायचं. संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी बटणं होत नसत, हे तिनं करून पाहिलं होतं. सकाळ गेली की बटणं गेली. तिनं मनाशी ठरवलं, मास्तरांनी बटणं पसंत केली तर मालकांना नाही म्हणायचं. नाही केली, तर गुपचूप हो म्हणून मोकळं व्हायचं.

बटणं दिल्यावर दोनच दिवसांत मास्तरांनी बोलावणं धाडलं. कोट पुतळ्यावर चढवलेला होता.

"बटणं कुठायत?" मास्तरांनी विचारलं.

"लावलीत की तुम्ही."

"लावलीत, मीच लावलीत. दिसतायत कुठं?"

ती वाकून बघू लागली. आधी तर तिचा ऊर भरूनच आला. काय जुळली होती छटा! कापडाच्या विणीतला फिका धागासुद्धा तिनं उतरवला होता. चार पावलं मागे गेलं की कोटाला बटणं आहेत हे सांगूनही पटलं नसतं.

"गिऱ्हाईक म्हणेल, मास्तर म्हातारे झाले, बटणं लावायला विसरले," मास्तर म्हणाले. "करडी बटणं प्लास्टिकचीही मिळतात ग. तुझ्याकडे कशाला येऊ मी?"

घरी येताना तिला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि तो सगळा स्वतःचाच. आपल्या मनाचं करायला बसलो, आणि तिथंही दातच केले!

"सोड ना आता," नवरा समजुतीनं म्हणाला. "प्रमुख हो. सगळे चळाचळा कापतील तुला."

"बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कापडाचा तुकडा खणात टाकला आणि बरण्या समोर मांडल्या. सगळ्या दातांच्या पांढऱ्या. एकच वेगळी होती, खोट्या हिरड्यांसाठी लागणाऱ्या गुलाबी पुडीची. तिनं ती उघडली. गुलाबीत छटा द्यायच्या रंगांतला थोडा विटकरी मिसळला, प्रत्येक बटणाच्या कडेनं हातानंच एक काळसर रेघ ओढली. कुठली रेघ जाड आली, कुठली वाकडी. तिनं एकही पुसली नाही.

नवरा चहा घेऊन आला आणि बघतच राहिला. "अगं, कोटाला हिरड्या?"

"दिसतायत ना?"

"दिसतायत? अंगावर येतायत!"

ती इतकी हसली की चहा सांडला.

शनिवारी कामावर जाताना ती बटणं घेऊन मास्तरांकडे गेली, तर दुकानाचं शटर खाली. आता आली का पंचाईत! मास्तरांचा कौल मिळण्याआधीच मालकांना उत्तर द्यायचं होतं. प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर तिनं पर्समधली पुडी कितीदा चाचपली असेल, देव जाणे.

"साहेब, मला नेहमीचीच पाळी राहू द्या," ती मालकांना म्हणाली.

"का ग? घरी काही अडचण?"

"नाही. सकाळी मी बटणं करते."

मालकांनी चष्मा काढला. "बटणांसाठी प्रमुखपद सोडतेस? माझ्याच भट्टीनं माझाच घात केला म्हणायचा." ते हसले खरे, पण मनाला लागलं होतं त्यांच्या. ती जागा त्यांनी दुसऱ्याला दिली.

संध्याकाळी शटर वर होतं. पण पुतळा उघडा होता.

"कोट गेला," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक थांबेना. सकाळी त्याच्याच घरी जाऊन प्लास्टिकची लावून आलो."

ती मटकन स्टुलावर बसली. बढतीही गेली आणि कोटही गेला. रडू येईल या भीतीनं तिनं नुसतीच पुडी पुढे केली. मास्तरांनी बटणं टेबलावर ओतली, दिव्याखाली सरकवली, एकेक उलटसुलट करून पाहिलं. वाकड्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग ते शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून कापडाचे तागे काढू लागले.

"मास्तर, काय करताय?"

"कापड शोधतोय. कापडाला बटणं शोधण्यात जन्म गेला माझा. आज बटणांना शोधतो."

त्यांनी एक विटकरी तागा उलगडला आणि त्यावर बटणं मांडली. "हे बघ, कसं मिळून आलं."

छटाताईनं डोळे पुसले आणि वाकून पाहिलं.

"छे," ती म्हणाली. "यात लपतात ती. दुसरं काढा."