अण्णाचे लायसन आणि आईचा नवस

आमचे गाव बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्याच्या वाटेवर. आप्पा लवकर गेले. थोडे शेत होते, पण माझा थोरला भाऊ अण्णा अंगाने इतका बारीक की नांगर दाबायला त्याचे वजन पुरायचे नाही. लोक हसायचे. जनावर मात्र त्याच्या हाती शांत होई. पाटलांची घोडी कुणाला जवळ येऊ देत नसे, ती अण्णाच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी राही. त्यामुळेच त्याला बेळगावच्या कॅम्पात एका वकीलसाहेबांच्या पागेत मोतद्दाराचे काम मिळाले. साहेबांना रेसचा नाद होता.

पहिली काही वर्षे अण्णाने लीद काढली, खरारा केला. मग एकदा जाकी म्हणजे रेसचा स्वार आजारी पडला, म्हणून सकाळच्या फेरीला त्याला घोड्यावर बसवले. साहेब कुंपणाशी उभे राहून बघत होते. फेरी झाल्यावर म्हणाले, "तुला लायसन काढून देतो."

घोड्यावर बसायला कसले लायसन, हे आम्हाला समजेना. रविवारी जेवताना अण्णाने सांगितले. रेसचा सगळा कारभार बघणारी एक मोठी कमिटी लांब शहरात बसते. बेळगावच्या मैदानावरही तिचेच चालते. घोड्याचे नाव, वय, रंग तिच्याकडे लिहून ठेवतात. स्वाराने धावण्याआधी आणि धावल्यावर खोगिरासकट वजनाच्या काट्यावर बसायचे. कुणी दुसऱ्याच्या आडवा आला तर तिथल्या तिथे चौकशी. आणि ज्याला कमिटीने बंद केले तो एका मैदानावर नव्हे, सगळ्या मैदानांवर बंद.

"मग राजालासुदिक काट्यावर बसवत्यात काय रं?" आईने विचारले.

"राजा नुसता घोडा पाळतो, आई. बसणारा येगळाच असतोय. म्हणून तर आमचं पोट."

आई हसली, पण संध्याकाळी ती गावदेवीच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. लायसन मिळाले तर दर जत्रेला माझा लेक तुझ्या माळावर घोडा पळवील.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माळावर घोडी पळवायची आमच्याकडे रीत होती. आजूबाजूच्या गावांची पाच-दहा घोडी यायची. पहिल्याला नारळ आणि फेटा.

लायसन मिळाले. त्या हंगामात अण्णा साहेबांच्या घोड्यावर दोनदा पहिला आला. घरावर नवी कौले चढली. आईच्या अंगावर कितीतरी वर्षांनी कोरे लुगडे दिसले. जत्रा आली तेव्हा अण्णा पाटलांची घोडी घेऊन माळावर उतरला आणि सगळ्यांच्या पुढे निघून गेला. फेटा त्याच्या डोक्याला मोठा होत होता.

दुसऱ्या दिवशी तोच फेटा बांधून तो कॅम्पात गेला. आईने पागेतल्या सगळ्यांसाठी प्रसाद बांधून दिला होता, रेसच्या कचेरीतल्या कारकुनासाठीसुद्धा. कारकुनाने खोबरे तोंडात टाकले आणि फेटा कसला म्हणून विचारले. अण्णाने आनंदाने सगळे सांगितले.

आठवड्याने त्याला बोलावणे आले. टेबलापलीकडे कमिटीचे तिघे बसले होते. एकाने विचारले, कारकुनाने मराठीत सांगितले.

"घोडी पळाली?"

"व्हय जी."

"किती होती?"

"सात-आठ."

"बक्षीस होतं?"

"नारळ आन् फेटा."

"मग शर्यतच झाली. कमिटीच्या परवानगीशिवाय भरलेल्या शर्यतीत जो बसतो, त्याचं लायसन राहत नाही."

"साहेब, ती देवीची दौड हाय. शर्यत न्हवं."

कारकुनाने ते तिघांना सांगितले. त्यांना ते खोटे वाटले नाही. एकजण तर हळहळला म्हणे. पण नियमात देवीची म्हणून वेगळी ओळ नव्हती. माळावर पळणाऱ्या घोड्यांचे वजन कोण बघतो, वय कोण बघतो, कुणी पडून मेला तर कोण जबाबदार, असे त्यांनी विचारले. आम्हाला कुणालाच जत्रेतली दौड ही शर्यत वाटली नव्हती. साहेबांनाही नाही, नाहीतर त्यांनी आधीच अडवले असते.

बंद झालेल्या माणसाला मैदानाच्या कुंपणाआत पाऊल टाकता येत नाही आणि कुठल्या पागेने त्याला कामावर ठेवायचे नाही. म्हणजे खरारा करायचे कामही गेले. साहेब एवढेच म्हणाले, "वर्षभर कुठल्याही दौडीत बसू नकोस. मग मी अर्ज करतो. एकदा चुकलेल्याला घेतात. पुन्हा चुकलेल्याला घेत नाहीत."

हे सगळे अण्णाने मला विहिरीवर सांगितले. मी कुणाशी फारशी बोलत नसे, म्हणूनच मला. आईला फक्त लायसन गेले एवढे ठाऊक होते.

"आईला कारण सांगू नगंस," तो म्हणाला. "तिच्या नवसानं गेलं असं कळलं तर ती अन्नाला शिवायची न्हाय."

आईने स्वतःच कारण शोधले. फेटा आधी देवीच्या पायावर ठेवायला हवा होता, तसाच डोक्याला बांधून गेला, म्हणून देवी कोपली. ती जत्रेची वाट बघू लागली. या वेळी सगळे रीतीने करू, मग देवी परत देईल.

अण्णा त्या वर्षी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाई. जत्रा जवळ आली तसा तो आईसमोर यायचे टाळू लागला. शेवटी तिनेच धरले.

"पाटलाला घोडी सांगितलीस काय?"

"औंदा ऱ्हाऊ दे, आई."

"का? दोन रेसा मारल्यास म्हणून देवीपरास मोठा झालास व्हय रं?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं? कॅम्पातल्या साहेबाला सलाम घालाय कंबर वाकतीय, देवीम्होरं वाकंना व्हय!"

आईने मग त्याच्याशी बोलणे सोडले. त्याचे ताट वाढून ती चुलीकडे तोंड करून बसे. गावातही झाले, की शहरात जाऊन पोरगा देवधर्म विसरला. खरे कारण मला दोनदा तोंडाशी आले होते. दोन्ही वेळा अण्णाने माझ्याकडे नुसते बघितले.

त्यातच आईच्या पायांना सूज आली, मग तोंडावर आली. वैद्यांनी मीठ बंद केले. जत्रेच्या आदल्या दिवशी ती अंथरुणातून म्हणाली, "म्या बोललेलं माज्या माघारी तसंच ऱ्हाणार म्हण की." रागाने नाही. तिला भीती वाटत होती.

अण्णा उठला आणि पाटलांच्या वाड्याकडे गेला.

मी दारापर्यंत मागे गेले. म्हटले, "अण्णा, साहेबांनी काय सांगितलंय?"

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तू तिला उद्या गाडीत बसवून आण."

मी आईला उशांना टेकवून गाडीत बसवले. घोडी सुटली तेव्हा ती गाडीची कड धरून सरळ झाली. अण्णा त्या दिवशी मधेच कुठेतरी आला. घोडी पुढे जायला बघत होती आणि त्याने लगाम आखडून धरला होता, हे मी पाहिले. पहिला येऊन फेटा मिळाला असता तर पुन्हा चर्चा झाली असती, असे त्याला वाटले असेल. पण आमच्या माळावरची बातमी कॅम्पात जायला फेटा लागत नाही.

आईने त्याला जवळ बोलावले, घामेजलेल्या तोंडावरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी गोड बोलली.

"आता बघ, देवी देतीय का न्हाय."

"देईल की," तो म्हणाला.

साहेबांनी अर्ज केलाच नाही. करून उपयोग नव्हता. अण्णा निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागला. घोड्यांना त्या वासाचा त्रास होतो म्हणून पागेत असताना त्याने कधी विडी ओढली नव्हती. आता पंधरवड्याने घरी यायचा तर कपड्यांना, केसांना तोच उग्र वास. शिंकायचा, खोकायचा.

औषधाने म्हणा की समाधानाने म्हणा, आई त्यानंतर बरीच वर्षे जगली. अण्णा आला की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी विचारायची, "लायसनचं काय झालं रं?"

"कमिटी बसली न्हाय अजून."

तो नसला की मला विचारायची. मीही तेच सांगत असे. आई जाईपर्यंत कमिटी बसलीच नाही.